समोरच्या वकिलाच्या तोंडी

व्यंकटराव वकिलांनी काळा कोट खुर्चीवर फेकला आणि पाणीसुद्धा न मागता सुनेच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले.

"तुझा तो ब्लॉग का फ्लॉग, आत्ताच्या आत्ता बंद कर."

ज्योत्स्नानं कॉम्प्युटरवरून मान वर केली. तीही वकीलच, सासऱ्यांच्या हाताखाली कर्नाटकातल्या आळंदच्या कोर्टात जाणारी. सासऱ्यांनी लढवलेल्या एकेका खटल्यातलं शहाणपण ती मराठीत लिहून इंटरनेटवर ठेवत होती. मुद्दा कसा मांडला, साक्षीदाराला काय विचारलं, कोर्टानं काय मानलं. सीमेवरच्या ज्या नव्या वकिलांना विचारायला कुणी नाही, त्यांनी विषय टाकून शोधावं आणि वाचावं.

"काय झालं, मामा?"

"काय व्हायचं राहिलंय? समोरच्या वकिलानं, त्या अमरेशनं, भर कोर्टात मोबाइल काढला की! कानडी घरातलं पोरगं, अडखळत अडखळत मराठी वाचायलंय आणि सगळं कोर्ट ऐकायलंय. माझाच मुद्दा. माझ्या नावासकट. जजसाहेब मलाच विचारतेत, वकीलसाहेब, हे तुमचंच म्हणणं न्हवं का?"

वकिलांच्या आई चांगुणाबाई दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. इतका वेळ गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मग तू काय म्हणलास?"

"काय म्हणणार? खोकलो."

"एवढं शिकवलं ते खोकायला व्हय?"

"आई, तुला न्हाई कळायचं. तवा मी बहिणीकडून होतो. आता भावाकडून हाय."

न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. खजुरीच्या राघोबानं बहिणीला, राजूबाईला, पंचमीला माहेरी आणलं, साडी-चोळी केली, पोटभर गोडधोड घातलं आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर तिची सही घेतली. इकडं हे घरोघर चालतं, आणि वर भावाची माया म्हणून सांगितलं जातं. कागद कानडीत, राजूबाईला येते मराठी. आता ती कोर्टात गेली होती. राघोबाचे वकील व्यंकटराव, आणि मागं अशाच एका बहिणीचा कागद रद्द करून घेणारे वकीलही तेच.

"मुद्दा तुझाच ना?" चांगुणाबाई म्हणाल्या. "मग दुसऱ्याच्या तोंडात गेल्यावर नासला कामून?"

"धंदा हाय हा, आई. सगळंच फुकट वाचायला मिळालं तर माझ्याकडं येतंय कोण?"

"डॉक्टरच्या भिंतीवर पोटाचं चित्र असतंय. म्हणून कुणी घरीच पोट फाडून घेतंय का?"

ज्योत्स्नाला हसू आलं; तिनं ते गिळलं. हात मात्र माउसवर तसाच होता. एक बटण दाबलं की सगळं पुसलं जाणार होतं, आणि सासऱ्यांचा शब्द तिनं आजवर मोडला नव्हता.

"थांब गं," चांगुणाबाई म्हणाल्या. "पुसायचंच तर काय पुसायलाव ते तरी कळू दे. वाच."

व्यंकटराव पाठ फिरवून खिडकीशी गेले. ज्योत्स्ना वाचू लागली. "'कागद वाचून दाखवला, एवढं म्हणून भागत नाही. तो बाईला समजेल अशा भाषेत सांगितला का, हे भावानं दाखवलं पाहिजे. या मुद्द्यावर...'"

"एवढंच?" व्यंकटराव गर्रकन वळले. "मुख्य तर राहिलंच की!"

"काय राहिलं?"

"अगं, 'वाचून दाखवला का' असं विचारायचंच न्हाई. कागद लिहिणारा व्हयच म्हणणार. तो माणूस म्हैसूरकडचा, मराठीचा गंध न्हाई त्याला. मी म्हणलो, बाईला जे सांगितलास तेच इथं मराठीत सांग." कोर्टात उभे असावेत तसा त्यांनी हात पुढं केला. "संपलं. तोंडच उघडंना त्याचं. रुमाल काढला, घाम पुसला, पुन्हा पुसला. जजसाहेबांनी पेन खाली ठेवला. हे लिव्हलं न्हाईस तर काय लिव्हलंस मग?"

"मामा," ज्योत्स्नानं हळूच विचारलं, "राघोबाचा कागद कुणी लिहिलाय?"

व्यंकटरावांचा हात हवेतच राहिला.

"त्यानंच," ते म्हणाले आणि खुर्चीत कोटावरच बसले.

चांगुणाबाईंनी मुलाकडं टक लावून पाहिलं.

"लिहू, का बंद करू?" ज्योत्स्ना म्हणाली.

तेवढ्यात व्यंकटरावांचा मोबाइल वाजला. राघोबाच होता. त्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

"वकीलसाहेब, पुढच्या तारखेला काय काय कागद आणू?"

व्यंकटरावांनी सुनेकडं पाहिलं. मग बोटानं कॉम्प्युटरकडं खूण केली. लिही.

"कागद ऱ्हाऊ दे, राघोबा. तारखेच्या आधी घरी ये. बहिणीला संगं आण. तिच्या वकिलाला मी सांगतो."

राघोबानं आवाज खाली आणला.

"आपण हरायलाव का, साहेब?"

"ते तिला किती देतोस त्याच्यावर हाय."

राघोबा फोन ठेवायचं विसरला. ज्योत्स्नाची बोटं चालू होती, आणि त्या खटखटीतून खजुरीचं ते घर ऐकू येत होतं. कुठंतरी भांडं वाजलं, दार करकरलं. मग राघोबा बायकोला विचारत होता,

"अगं, राजूचा नंबर हाय का तुझ्याकडं?"