गॅलरीतल्या शिट्ट्या

"शिट्ट्या हव्यात," एर्सिलिया म्हणाली. "रविवारी. नेरीनाला."

प्रीमो न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता, तो थांबला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. इटलीतल्या पार्मा शहरातल्या गायकांना त्याच्या वस्तऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते त्याला वचकून असत ते ऑपेराच्या वरच्या गॅलरीमुळे. तिथे त्याची वीस-पंचवीस माणसं बसत. ती टाळ्या देत, गप्प बसत, शिट्ट्या मारून गायकाला पाडतही. जसं ठरलं असेल तसं.

"शेवटच्या अंकात ती प्रार्थना आहे ना," एर्सिलिया म्हणाली, "वरचा स्वर लावायला ती श्वास घेईल, तेव्हा सुरुवात करा."

"नीट विचार केलात ना, सिन्योरा?"

एर्सिलियाने हातमोजा काढला आणि पुन्हा चढवला. पैशांचं काय ते सांग, म्हणाली. प्रीमोने मान हलवली. "तुमच्याकडून नको. तुमच्या घरचं आम्ही पुष्कळ खाल्लंय."

तिला ते बोलणं आवडलं. जुनी माणसं अजून मान ठेवतात, असं मनाशी म्हणत ती बाहेर पडली.

ती प्रार्थना तिची होती. एर्सिलिया मोंतेक्कीबाईंनी ती गायची आणि गॅलरीने वन्स मोअर घ्यायचा, हे तीस वर्षं ठरल्यासारखं चालत आलं होतं. तिचा नवरा अमेदेओ दारूचा व्यापारी, अबोल माणूस. तो तिच्या खेळाला कधी खाली, मानाच्या बॉक्समध्ये बसला नाही. आवाज वरच चांगला पोचतो म्हणायचा आणि धापा टाकत गॅलरी चढायचा. घरी आला की कोट काढता काढता एवढंच सांगायचा, "आज वरची मंडळी अगदी वेडी झाली होती."

चार वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आधी, अमेदेओ गेला. त्याच वर्षी नेरीना थिएटरात लागली. कोलोर्नो गावच्या पाववाल्याची मुलगी, बूटसुद्धा दुसऱ्या कुणाचे घातल्यासारखी चालायची. आणि त्याच वर्षापासून एर्सिलियाचे वन्स मोअर बंद झाले. आधी टाळ्या पातळ झाल्या, मग नुसत्या रीतीपुरत्या. यंदा मॅनेजरने मोठ्या अदबीने कॉफी पाजली आणि ती प्रार्थना असलेली भूमिका नेरीनाला दिल्याचं सांगितलं. वयाचा शब्दही त्याने काढला नाही. तेच तिला जास्त झोंबलं.

वर ती पोरगी पाया पडायला आल्यासारखी भेटायला आली. लहानपणी बाबांबरोबर गॅलरीत बसून तुम्हालाच ऐकायचे, म्हणाली. ती प्रार्थना मी तुमच्यावरूनच शिकले. एर्सिलियाने हसून तिच्या गालावर हात ठेवला. लहानपणी म्हणे! म्हणजे मी म्हातारी झाले, हेच हिला तोंडावर सांगायचं होतं. त्या रात्री तिला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी ती प्रीमोच्या दुकानात गेली.

रविवारच्या दुपारच्या खेळाला ती काळा रेशमी पोशाख करून बॉक्समध्ये बसली. लोकांनी वळून वळून पाहिलं. तिने सगळ्यांना मान लववली. पहिले दोन अंक ती नुसती चुका शोधत होती. एक-दोन सापडल्या, तेव्हा बरं वाटलं.

मग प्रार्थना आली. नेरीना गुडघ्यांवर बसली. सूर हळूहळू चढला. वरच्या स्वराआधी तिने श्वास घेतला आणि एर्सिलियाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

स्वर लागला. स्वच्छ, भरलेला. तो विरायच्या आत गॅलरी कोसळावी तसा आवाज झाला. लोक उभे राहिले, पाय आपटू लागले. खाली आजवर कधी हात न हलवणारे वकील-डॉक्टरही उठले. वन्स मोअर झाला, मग आणखी एक. एर्सिलिया बसूनच राहिली. शेजारच्या बॉक्समधली बाई रडत होती, तिची तिला शिसारी आल्यासारखं झालं.

पडदा पडताच ती मागच्या जिन्याने वर निघाली. या जिन्याने ती आजवर कधी चढली नव्हती. वरून उतरणारी माणसं तीच प्रार्थना गुणगुणत तिला वाट देत होती. प्रीमो वरच्या वळणावर एकटाच टोपी हातात घेऊन उभा होता.

"किती दिले तिने तुला?" एर्सिलियाने विचारलं.

"कुणी?"

"त्या पाववालीने. मला शब्द देऊन उलटलास तू."

प्रीमोने घाम पुसला. "आम्ही शिट्ट्या मारल्या, सिन्योरा. सगळ्यांनी मारल्या. गाल दुखले आमचे. त्या गलक्यात आमच्या आम्हालाच ऐकू आल्या नाहीत."

मग तिचा आवाज चढला. या मुलीने माझी माणसं चोरली, म्हणाली. हीच गॅलरी माझ्यासाठी अशीच उभी राहायची, तू स्वतः पाहिलंयस. तीस वर्षं. ही आली आणि एका वर्षात सगळी फिरली. काय दिलं हिने त्यांना, जे मी दिलं नाही?

प्रीमो टोपी फिरवत राहिला. खाली दिवे मालवायला लागले होते. तो जायला निघाला, तर तिने त्याची बाही धरली.

"सांग ना. माझ्या टाळ्या कुणी नेल्या?"

"कुणीच नाही नेल्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तीस वर्षं त्या तुमचे यजमान आमच्याकडून विकत घेत होते."