लालासाबांचा दम

वीस वर्षं चित्रपटांचं संगीत बांधणारी संयोगिता कोल्हापुरात भरल्या सभागृहात पडद्यावर चित्रपट चालू असतानाच तीस वादकांकडून त्याचं संगीत वाजवून घेत होती. निर्मात्यानं बजावलेलं, "क्लॅरिनेटवाला म्हातारा अडखळला, तर उद्यापासून दुसरा." तो म्हातारा म्हणजे तिला पहिला सूर शिकवणारे बॅण्डवाले लालासाब. पडद्यावर आईनं दार उघडलं आणि त्यांचा लांबलचक स्वर निम्म्यातच तुटला. चित्रपट थांबणार नव्हता. संयोगितानं मूठ मिटली. सगळी वाद्यं गप्प झाली. आई दारात नुसती उभी. सभागृहात कुणी खोकलंही नाही. लालासाबांनी श्वास भरून मान हलवली, तेव्हाच तिनं सगळ्यांना पुढच्या ओळीवर नेलं. खेळ संपताच निर्माता म्हणाला, "ती शांतता लई भारी, मॅडम." लालासाब पुटपुटले, "पोरी, माझा दम सुटलता." तिनं त्यांच्या कागदावर पेन्सिलनं विराम लिहिला. "उद्याबी हितंच दम घ्या, चाचा."