वीतभर फटीतून

पहिला फटका घड्याळवाल्याच्या खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्याला तो रस्त्यावर आडवा झाला. मारणारे चार जण होते. तोंडाला फडकी, हातात लोखंडी नळ्या. बाजार बंद ठेवा असं बजावूनही म्हाताऱ्याने दुकान उघडलं, एवढाच त्याचा गुन्हा.

समोरच्या कॅमेऱ्याच्या दुकानाचं शटर मालकाने घाईघाईने खाली ओढलं, ते वीतभर वरच अडकलं. आत दोघेच होते, मालक आणि एक गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणजे चौकातल्या स्टुडिओतला पूर्वीचा फोटोग्राफर. दहा वर्षं पासपोर्टचे फोटो काढून कंटाळल्यावर त्याला वर्तमानपत्रात नोकरी लागली होती. आपल्या चिमुकल्या मिररलेस कॅमेऱ्याला एक चांगली झूम लेन्स घ्यावी म्हणून तो आला होता. अर्धा तास दोन लेन्स हातात तोलत बसला होता, एक हलकी, एक जड. आता तो फरशीवर पालथा पडला होता.

"पोलिसांना फोन लागला का, काका?"

"लागला. मागच्या महिन्यात त्या शिंप्याला मारलं तेव्हाही लागला होता. म्हणाले, तोंडं बांधलेली होती, चेहरा दाखवा, मग बघू." मालकाचा आवाज चिरकला. "हा घड्याळवाला आणि मी, वीस वर्षं दुपारचा डबा एकत्र खातो रे. एक चेहरा दे मला. एकच दे."

फोटोग्राफरने कॅमेऱ्याचा आवाज बंद केला, मागचा स्क्रीन वर वळवला आणि कॅमेरा फटीत सरकवला. मोठा कॅमेरा असता तर तिथे मावलाही नसता. त्याने तीन फोटो काढले. कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या जुन्या लेन्सने नेहमीचंच केलं. मधोमध म्हाताऱ्याची पाठ बरी आली होती, कडेची माणसं मात्र पाण्यात विरघळल्यासारखी.

"ही लाव." मालकाने जड लेन्स फरशीवरून त्याच्याकडे ढकलली. "वजनाला धोंडा आहे, पण अगदी कोपऱ्यापर्यंत साफ. कमी उजेडातही दगा देत नाही." अशा वेळीही त्याच्यातला दुकानदार काही गप्प बसेना.

पालथं पडूनच फोटोग्राफरने लेन्स बदलली. घाईत खाच दोनदा चुकली. तेवढ्यात बाहेर एकाने म्हाताऱ्याचा उजवा हात पायाखाली दाबून धरला आणि दुसऱ्याने त्यावर नळी हाणली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्या हाताने म्हातारा घड्याळांचे केसाएवढे स्क्रू बसवायचा. तो किंचाळला, पण फोटोग्राफरचं बोट बटणावरून हललं नाही. एक फोटो, दुसरा, तिसरा, मग झूम करून आणखी चार.

मारणारे दमून थांबले. फोटोग्राफरने कॅमेरा आत ओढला आणि शेवटचा फोटो मोठा करून पाहिला. दुसऱ्या कुणी आधी मधलं चित्र पाहिलं असतं. लेन्स पारखणारी माणसं मात्र आधी कोपरे तपासतात, आणि इतकं सगळं समोर घडत असताना याचा अंगठा सवयीने डाव्या कोपऱ्यात गेला.

तिथे चौथा माणूस होता. नळी उगारताना त्याचं फडकं गळ्यात घसरलं होतं. घामाचा थेंबन् थेंब दिसत होता. डाव्या भुवईच्या मधोमध बोटभर जागा बिनकेसांची होती. सातव्या वर्षी झोक्यावरून पडून ती भुवई फुटली होती. त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत कोण पळालं होतं, हे फोटोग्राफरला कुणी सांगायची गरज नव्हती. तो त्याचा धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर त्यानेच त्याला भरवलं होतं, शाळेत सोडलं होतं, अजूनही दोघे एकाच छपराखाली राहत होते.

"आला का चेहरा?" मालकाने विचारलं.

 फोटोग्राफरने फोटो पुसायचं बटण दाबलं. खरंच पुसायचं का, असं कॅमेऱ्याने विचारलं. आता एकदा 'हो' दाबलं की झालं. बाहेर म्हातारा कण्हत होता. भावाला वाचवावं की म्हाताऱ्याला न्याय द्यावा, या विचाराने त्याचा जीव अर्धा झाला.

इतक्यात बुटांचा आवाज दुकानाकडे यायला लागला.

"संपलं," मालक पुटपुटला. "आपणही दुकान उघडलंच होतं ना."

बूट फटीशी येऊन थांबले. त्यांच्याशेजारी नळीचं टोक टेकलं, लाल आणि ओलं. शटरवर दोनदा टकटक झाली.

"दादा, मी आहे. घाबरू नकोस हं." घरात मीठ मागावं तसाच तो आवाज होता. "या दुकानाला हात लावायचा नाही, आत माझा भाऊ आहे, असं सांगितलंय मी सगळ्यांना. तू निवांत बघ. सकाळी घरी म्हणत होतास, मिळाली का मनासारखी लेन्स?"

मालकाने मान वळवून फोटोग्राफरकडे पाहिलं. म्हणजे त्या म्हाताऱ्याचा हात मोडला, पण या दोघांचे शाबूत राहिले, ते फोटोग्राफरच्या या नात्यामुळे. फोटोग्राफरला आपल्या धडधाकट बोटांची शिसारी आली.

"मिळाली," तो बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला.

बूट निघून गेले. त्याने अंगठा बाजूला घेतला, कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि मालकाच्या मुठीत दिलं.

"चेहरा आलाय, काका," तो म्हणाला. "पत्ता लिहून घ्या. माझाच आहे."