निदान कानावर तरी

आजींनी तरुणपणी गायलेलं गाणं साबणाच्या जाहिरातीत वापरायला त्यांनी होकार दिला, तेव्हा आयुष्यभर त्यांच्या साथीला बसलेले व्हायोलिनवाले काका चिडलेच. "बाई, सोन्यासारख्या गाण्याचा फेस करताय! उद्या ते ऐकलं की लोकांना मोरीच आठवेल."

रुखरुख आजींनाही होती. पण घरातल्या नातीनेसुद्धा ते गाणं कधी धड ऐकलं नव्हतं. "नंतर ऐकते गं" म्हणून ती पळायची. "मोरी तर मोरी," आजी म्हणाल्या. "पोरांच्या निदान कानावर तरी पडू दे."

जाहिरात सुरू झाली त्या दिवशी आजी जीव मुठीत धरून नातीला खेटून बसल्या. नात मोबाईलवर कार्टून बघत होती. मध्येच साबणाची वडी आली, व्हायोलिन वाजलं, आणि आता आजींचा आवाज येणार, तोच नातीने पडद्यावर अंगठा दाबला. कार्टून पुन्हा सुरू झालं.

"अगं, गाणं लागत होतं ना! का घालवलंस?"

 

"जाहिरात होती ती. आली की लगेच घालवायची, ऐकत बसायचं नाही, हे तूच तर शिकवलंस ना मला, आजी?"