लताबाईंची मुलगी

नवलनं दाढी केली होती, तीही रविवारी. शर्टाला कडक इस्त्री. लताबाईंच्या खानावळीत पोह्यांची ताटली पुढ्यात घेऊन तो दाराकडे तोंड करून बसला होता. मेघाला पाहताच उगाच हसला.

"स्वारी कुठं निघाली?" मेघानं विचारलं.

"जळगावकडे. एक काम आहे."

"मुलगी बघायला?"

त्यानं चमचा पोह्यांतून फिरवला. "तसंच समज. आधी जमू दे, मग सांगतो."

मेघाची भूकच गेली.

जळगावला कॉलेजात असताना दोघं एका स्कूटीवर फिरायची. एकाला हाक मारली की दुसरा ओ द्यायचा. मग एकदा वर्गातल्या मुस्काननं नवलकडे नोट्स मागितल्या, त्यानं त्या मेघाच्या आधी तिला दिल्या, आणि मेघानं बोलणंच टाकलं. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी सहा वर्षं अबोला धरतं का? मेघा धरते. जीव लावायचा तर अख्खा लावायचा आणि त्यात वाटेकरी खपवून घ्यायचा नाही, हा तिचा स्वभाव.

यंदा विमा कंपनीनं तिची धुळ्याला बदली केली. पहिल्याच दिवशी खानावळीत समोर नवल. पाटबंधारे खात्यात लागलेला, लताबाईंच्याच माडीवर भाड्यानं राहणारा. "मीठ दे जरा," तो म्हणाला, जणू कालच दोघं सोबत जेवून उठली होती. तेव्हापासून रोज समोरासमोर जेवण. त्याच्याशिवाय आपल्याला दुसरं कुणी नको आहे, हे मेघाला आठवडाभरातच कळलं. पण आपण होऊन बोलणं तिच्या जिवावर यायचं. त्यानं बोलावं म्हणून ती वाट बघत होती, आणि हा निघाला होता मुलगी बघायला.

"मेघा, वयस्कर माणसांकडे जाताना काय न्यावं? पेढे?"

होणाऱ्या सासऱ्याची सरबराई, आणि सल्ला मागतोय तिला.

"पेढे कसले? त्या वयात घरोघरी साखरेचं दुखणं असतं," ती म्हणाली. "पेरू ने दोन किलो."

पेरूची पिशवी घेऊन मुलगी बघायला गेलेला माणूस तिनं आजवर ऐकला नव्हता. चांगलं हसं होईल, असं तिच्या मनात आलं. नवलनं मान डोलावली आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून खरंच पेरू घेतले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी लताबाई भरताची वांगी आणायला गेल्या. 'बस जरा, येतेच' म्हणून मेघाला सांगून गेल्या. मेघा ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले एक म्हातारबाबा दारात उभे राहिले.

"मी जीवराम. आठे नवल जेवस ना? तू लताबाईनी पोर का वं?"

लताबाईंना दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. पण नवलचं नाव ऐकून मेघा सावध झाली.

"हो. या ना, नाना."

नाना बाकावर टेकले. आवाज खाली आणून म्हणाले, "पोऱ्या कसा शे? खरं सांग, माय. एक पोरना जलमना सवाल शे."

"कुणाची मुलगी?"

"असा काममा नाव काढतस नही. नोकरीवाली शे. बाप भला माणूस."

"दिसायला?"

"देखनी शे म्हणतस."

मेघानं एक शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले.

"मुलगा चांगला आहे," ती म्हणाली. मग थांबली. "दिवसा."

नानांनी तिच्याकडे बघितलं. अंगठा हळूच ओठांकडे नेला. "पेस का?"

"मी कशाला कुणाचं वाईट सांगू, नाना? रात्री जिन्यावरून त्याला धरून चढवावं लागतं, एवढं खरं."

उठताना नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुनं नाव कोठेच निघाव नही," म्हणाले.

लताबाई आल्या तेव्हा शेंगा सोलून झाल्या होत्या. कोणी आलं होतं का, असं त्यांनी विचारलंही नाही.

त्यानंतर नवलचा चेहरा उतरला. जेवताना तो मेघाकडे बघेनासा झाला.

"जमलं नाही?" तिनं विचारलं.

"नाही म्हणाले. कारणही सांगितलं नाही." तो घुटमळला. "तुला काही कळलं का?"

"मला कसं कळणार? जाऊ दे, तिचंच नशीब फुटकं."

तिनं आपल्या वाट्याचं भरीत त्याच्या ताटात वाढलं. त्याचं तोंड बघून तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रात्री तिला छान झोप लागली. दोन दिवसांनी तो म्हणाला, "मी शिरपूरला बदली मागितलीय," तेव्हाही ती घाबरली नाही. शिरपूर काही लांब नाही. त्याआधीच आपण त्याला विचारायचं, तिनं ठरवून टाकलं. आता मानपान बाजूला ठेवायचा. रविवारी सकाळी तिनं ठेवणीतली साडी काढली, आणि तेवढ्यात जळगावकडच्या वरणगावहून तिच्या वडिलांचा, आबांचा फोन आला.

"पोरी, एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. आता विषयच संपला, म्हणून सांगतो. तुला एक मुलगा मागणी घालायला आला होता."

"मला?"

"आपणहून आला. म्हणाला, मेघाला इतक्यात सांगू नका. तुमची ना नसेल, तरच मी तिला विचारीन. मला तर फार आवडला होता. माझी साखर त्याला कुणी सांगितली कोण जाणे, पेढे न आणता पेरू घेऊन आला."

मेघा साडी हातात धरून खाली बसली.

"पण धुळ्यातल्या माझ्या एका जुन्या सोबत्याला, जीवरामला चौकशीला धाडलं, तर पिणारा निघाला. जिथं जेवतो तिथल्याच मुलीनं सांगितलं. थोडक्यात वाचलीस, पोरी. देव भलं करो त्या लताबाईच्या मुलीचं."