बेचाळिसावं गाणं

रिसेप्शनला डीजे नको, हे मीच ठरवलं होतं. प्रत्येक पाहुण्याने आपल्या आवडीचं एक गाणं कळवायचं, मी ती मोबाइलवर एकामागोमाग लावून ठेवणार आणि ज्याचं गाणं लागेल त्याने मधे येऊन नाचायचं. बेचाळीस गाणी आली. सगळ्यात शेवटी बाबांचं. त्यांना मोबाइलवर लिहिता येत नाही, म्हणून शेजारच्या काकूंकडून लिहून घेऊन पाठवलेलं. जुनं, रडकं, चांगलं सात मिनिटांचं. नवऱ्याच्या ऑफिसातले काय म्हणतील, म्हणून मी ते गुपचूप काढून टाकलं. एवढ्या गोंधळात कुणाच्या लक्षात येतंय!

दुपारभर बाबा स्पीकरला चिकटून उभे होते. मला वाटलं, वायरीत कुणाचा पाय अडकू नये म्हणून राखण करताहेत. एक गाणं संपलं की ते कोटाचं बटण लावायचे, दुसऱ्याचंच सुरू झालं की सोडायचे.

एकेचाळिसावं संपलं, हॉल रिकामा व्हायला लागला, तसे ते माझ्याजवळ आले.

"माझं राहिलं का गं?"

"छे हो बाबा, लागलं की मघाशी! तुम्ही जेवायला गेला होतात ना, तेव्हाच."

"हो का? मग बरोबर," ते हसले. "माझंच लक्ष नसेल."

तेवढ्यात मागून वाढपी आला. "काका, आता तरी बसा हो. सगळे जेवून गेले, तुमचं एकट्याचंच राहिलंय."