सहावं नाव

“मॅडम, नियम पुन्हा बदललेत,” कचेरीतला कारकून फोनवर म्हणाला. “घरगुती पाळणाघरात पाचच मुलं. तुमचं स्वतःचं मूल धरून.”

पाळणाघराची नियमावली चौथ्यांदा लिहीत बसलेल्या मृण्मयीचं पेन थांबलं. “अहो, माझ्या रेवाला कसं धरता? ती राहतेच इथं!”

“दिवसभर घरात असते ना, म्हणूनच धरायचं. संध्याकाळपर्यंत सुधारित यादी द्या, नाहीतर परवाना विसरा.”

यादीत सहा नावं होती. रेवा सोडून बाकी पाचही पोरांच्या आया तिच्या भरवशावर कामाला जात होत्या. एकीला तर कालच नर्सची नोकरी लागली होती, तिचे पेढे अजून ओट्यावर होते. कुणाला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? आणि रेवाला कुठं ठेवायला मन धजेना, म्हणून तर तिनं बँकेतली नोकरी सोडून हे पाळणाघर काढलं होतं.

मांडीवर चढू पाहणाऱ्या रेवाला सावरत तिनं पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघराला फोन लावला. “एक जागा मिळेल का? माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. नऊ ते सहा.”

“मिळेल की,” तिथल्या बाई मायेनं म्हणाल्या. “तुम्ही काय करता? नोकरी?”

“पाळणाघर चालवते,” मृण्मयी म्हणाली.